प्रतिमा कोणाची, कर्तृत्व कोणाचे?

फ्रेंच चित्रपटातील ‘नव्या लाटे’चा इतिहास सांगताना आना कारिना या अभिनेत्रीचे नाव घेतले जाते, ते बहुधा झाँ-लुक गोदार या दिग्दर्शकाची प्रेरणामूर्ती म्हणून. १४ डिसेंबर २०१९ रोजी पॅरिसमध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी तिचे निधन झाले, तेव्हाही हेच विशेषण पुन्हा पुन्हा वापरले गेले. वरकरणी हा गौरव वाटतो. परंतु थोडा विचार केला तर त्यातील अन्याय ध्यानात येतो. प्रेरणामूर्तीने नुसते असावयाचे असते. निर्मिती करावयाची ती दुसऱ्याने! कारिनाने तर अर्धशतक काम केले.

२२ सप्टेंबर १९४० रोजी डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या या मुलीचे मूळ नाव हाने कारिन. सतराव्या वर्षी ती पॅरिसला आली, तेव्हा तिच्यापाशी ना पैसा होता, ना फ्रेंच भाषा. एका कॅफेत तिचा चेहरा जाहिरातक्षेत्रातील मंडळींच्या नजरेत भरला आणि ती मॉडेल झाली. ‘आना कारिना’ हे नाव तिला दिले ते प्रसिद्ध वेषभूषाकार कोको शनेल हिने. चित्रपटगृहात पुन्हा पुन्हा चित्रपट पाहून ती फ्रेंच शिकली. नाव दुसऱ्याने दिलेले, भाषा परकी आणि चेहरा साबणाच्या जाहिरातीला वाहिलेला, अशा स्थितीत तिच्या कारकिर्दीचा आरंभ झाला.

पामोलिव्ह साबणाच्या त्या जाहिरातीतच गोदारने तिला पाहिले आणि ‘ब्रेथलेस’मध्ये (१९६०) एक छोटी भूमिका देऊ केली. तीत विवस्त्र व्हावे लागणार होते. तिने साफ नकार दिला. जाहिरातीत तुम्ही स्नान करताना दिसता, मग आता संकोच कसला, असे त्याने विचारले. त्यावर, अंगावर पोहण्याचा पोशाख होता आणि फेस गळ्यापर्यंत होता. विवस्त्रता होती ती तुमच्या मनात, असे उत्तर आपण दिल्याचे ती पुढे मुलाखतींतून सांगत असे. विशी न ओलांडलेल्या, परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलीचे हे उत्तर आहे. पाहणारा जे पाहतो आणि आपण जे करतो त्यांतील भेद तिला प्रथमपासूनच कळत होता.

पुढे गोदारने तिला ‘ल पती सोल्दा’ (‘छोटा शिपाई’) या चित्रपटाची नायिका केले. एकवीस वर्षे पूर्ण नसल्याने करारावर तिच्या आईला सही करावी लागली. अल्जेरियातील युद्धावर बोट ठेवणारा हा चित्रपट १९६० मध्ये तयार होऊनही १९६३ पर्यंत बंदीत अडकला. दरम्यान १९६१ मध्ये दोघांचा विवाह झाला, आणि त्याच वर्षी ‘स्त्री ही स्त्रीच’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या चित्रपटासाठी बर्लिन महोत्सवात ती सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. ‘व्हिव्र सा व्ही’ (१९६२) हा बारा भागांचा चित्रपट वेश्याव्यवसायाकडे ढकलल्या गेलेल्या नानाची कथा सांगतो. त्यात नाना अंधाऱ्या चित्रपटगृहात ड्रायरचा ‘जोन ऑफ आर्क’वरील मूकपट पाहते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळते. तेथे संवादाचा आधार नाही. जे आहे ते केवळ अभिनेत्रीच्या चेहऱ्यात आहे. कॅमेरा गोदारने लावला हे खरे. पण ते अश्रू त्याने कसे आणले असते?

वैवाहिक जीवन लवकरच संपले. १९६६ पर्यंत सात चित्रपट करून ही जोडी थांबली. कारिना मात्र थांबली नाही. दिदरोच्या कादंबरीवरील, जाक रिव्हेत दिग्दर्शित ‘ला रेलिजियूझ’मध्ये तिने इच्छेविरुद्ध मठात डांबलेली जोगीण उभी केली. सरकारने १९६६ मध्ये त्यावर बंदी घातली; प्रदर्शन झाले ते १९६७ मध्ये. इटलीत व्हिस्कोंती, जर्मनीत फासबिंडर यांच्याकडेही तिने काम केले. १९७३ मध्ये ‘व्हिव्र आंसांब्ल’ (‘एकत्र जगणे’) हा चित्रपट तिने स्वतः लिहून दिग्दर्शित केला. दिग्दर्शनात स्त्रिया विरळ असण्याच्या त्या काळात हे धाडस साधे नव्हते. तरीही तिच्यावरील लेखांत या चित्रपटाच्या वाट्याला एखादी ओळच येते.

येथे एक आक्षेप संभवतो. कारिना स्वतःच गोदारला आपला पिग्मॅलियन म्हणत असे, मग इतरांनी तक्रार का करावी? परंतु कृतज्ञता ही देणाऱ्याची थोरवी असते. ती इतिहासकाराला निवाड्याचा दाखला म्हणून वापरता येत नाही. शिवाय ‘ती फुलराणी’ पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला हे ठाऊक आहे की, घडविली गेलेली मुलगी एके दिवशी घडविणाऱ्यालाच प्रश्न विचारते.

गोदारचे मोठेपण त्यामुळे उणावत नाही. चित्रपट ही अनेकांच्या श्रमांतून उभी राहणारी कला आहे. ते श्रेय वाटून देताना दिग्दर्शकाच्या पदरात प्रतिभा आणि अभिनेत्रीच्या पदरात केवळ सौंदर्य टाकण्याची सवय आपण सोडली, तर ‘व्हिव्र सा व्ही’मधील त्या अश्रूंखाली योग्य नाव लिहिता येईल.