निमोला नळाचं पाणी चालेल?

१९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, तेव्हा समोर अख्खा अरबी समुद्र होता. आमच्या पालेगावात काय? नळ! म्हणून घरच्या निमोसाठी मी समुद्र बादलीत कालवते : लिटरला साधारण ३५ ग्रॅम मरीन सॉल्ट. प्रश्न एवढाच, पाणी कुठलं घ्यायचं?

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन अँटी-क्लोरीनच्या थेंबांनी जातं. नायट्रेट, फॉस्फेट मात्र राहतात आणि शेवाळ फोफावतं. पाण्यात तांबं असेल, तर कोळंबी आणि कोरल संपलेच! शिवाय टँकमधलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून वरून भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. ती रोज नळाचीच घातली, तर हा गाळीव कचराही साठत जातो.

माझं मत डीआय फिल्टर जोडलेल्या आरओला. घरचा प्यायचा आरओ चवीसाठी क्षार परत मिसळत असेल, तर नको. टीडीएस मीटर बुडवा; आकडा शून्याजवळ हवा.

पण बॉस, बहुतेक घरगुती आरओ देतात त्याहून जास्त पाणी फेकतात. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हे शोभत नाही. ते पाणी मी बादलीत धरते; लादी त्यातच पुसून निघते. नुसते क्लाउनफिश पाळणार असाल, तर क्लोरीन काढलेल्या नळाच्या पाण्यावरही बहुधा भागेल. कोरल हवेत? मग आधी फिल्टर घ्या, नंतर कोरल.