दोन पीएलसी जोडले, पण आकडा ताजा आहे का?

मध्यंतरी एका रात्रीच्या रनचा ग्राफ बघून मी खूश झाले होते. आमच्या सेटअपमध्ये दोन पीएलसी आहेत. पहिला टाकीतल्या पाण्याचं तापमान सांभाळतो, दुसरा पंप चालवतो आणि सगळ्याची नोंद ठेवतो. ग्राफवर तापमान सलग सहा तास २५.०, जराही हललेलं नाही! मग कळलं, पहिला पीएलसी रात्रीच स्टॉप मोडमध्ये गेला होता. नेटवर्क चालू, दिवे हिरवे, आणि विचारलं की तो शेवटचा आकडा इमानदारीने देत राहिला. सहा तासांचा डेटा फेकला. (थर्मोकपलचा आकडा थोडातरी थरथरतोच. सरळ रेघ बघूनच शंका यायला हवी होती.)

आमचे दोघं मॉडबस टीसीपीवर बोलतात. मूळ मॉडबस १९७९चा, मॉडिकॉन कंपनीचा. इथरनेटवर तो पोर्ट ५०२ वापरतो. पद्धत साधी आहे: क्लायंट विचारतो, सर्व्हर उत्तर देतो. सर्व्हर आपणहून काही सांगत नाही. इथे नवखा माणूस गोंधळतो, कारण ज्याच्याकडे डेटा आहे तो सर्व्हर. म्हणजे आमच्याकडे टाकीवाला. आयपी पत्ते एकाच सबनेटमध्ये ठेवा, पिंग करून बघा, आणि मॉडबसमध्ये पासवर्ड वगैरे काही नसतो, त्यामुळे हे नेटवर्क इंटरनेटला जोडू नका.

खरी डोकेदुखी रजिस्टरची. मॅन्युअलमध्ये ४०१०१ लिहिलेलं रजिस्टर प्रत्यक्ष संदेशात १०० म्हणून जातं, कारण ४०००१ म्हणजे शून्य. काही सॉफ्टवेअर ही वजाबाकी स्वतः करतात, काही तुमच्यावर सोडतात. एक रजिस्टर १६ बिटांचं असतं, दशांशाची संख्या ३२ बिटांची, म्हणजे दोन रजिस्टर. त्यातलं आधी कोणतं पाठवायचं हे मॉडबस ठरवून देत नाही. प्रत्येक उत्पादक आपल्या मनाने ठरवतो.

म्हणून पहिली चाचणी सेन्सरवर करू नका. सर्व्हरमध्ये हाताने १२३.४५६ भरा. रजिस्टरमध्ये १७१४२ आणि ५९७६९ दिसले पाहिजेत. क्लायंटने ते उलट क्रमाने जोडले तर ऋण चिन्हाची २६ अंकी संख्या दिसेल, म्हणजे चूक लगेच पकडली जाते. शून्य भरून चाचणी करणारेही मी पाहिलेत. शून्य कुठल्याही क्रमाने शून्यच!

आणि त्या रात्रीचा इलाज? हार्टबीट. टाकीवाल्या पीएलसीच्या प्रोग्राममध्ये एक काउंटर ठेवला, दर सेकंदाला एकने वाढणारा. ३२७६७ नंतर तो परत शून्यावर येतो. तापमान आणि काउंटर लागोपाठच्या रजिस्टरमध्ये ठेवले, म्हणजे दोन्ही एकाच विनंतीत येतात (एका वाचनात १२५ रजिस्टरपर्यंत मिळतात). पंपवाला आधीचा काउंटर लक्षात ठेवतो. पाच सेकंद तो बदलला नाही, तर तापमानाच्या नोंदीवर ‘अवैध’ अशी खूण लागते आणि पंप थांबतो. ‘वाढला का?’ असं तपासू नका, ‘बदलला का?’ असं तपासा. नाहीतर शून्यावर परतताना उगाच अलार्म वाजेल. केबल तुटली तरी हाच नियम पुरतो, कारण अनेक क्लायंट अशा वेळी मेमरीतला जुना आकडा तसाच धरून बसतात.

हे लावल्यावर मी मुद्दाम पहिल्या पीएलसीची किल्ली स्टॉपवर फिरवली. सहाव्या सेकंदाला पंप बंद.