जुनं मोटरहोम: आधी छत, मग सोलर

अमेरिकेतल्या सेकंडहँड मोटरहोमच्या जाहिरातींत एक आकडा नेहमी ठळक असतो: वीस वर्षांची गाडी, पण चाललीय फक्त तीस-चाळीस हजार मैल. वाचणाऱ्याला घबाड मिळाल्यासारखं वाटतं. पण मोटरहोम चालून जितकं झिजतं, त्याहून जास्त नुसतं उभं राहून खराब होतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं की जनरेटरच्या कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतो. रबरी होज आणि सील कडक होऊन तडकतात. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषत राहतं. दर वर्षी फिरवलेली, दुरुस्तीच्या पावत्या जपलेली ऐंशी हजार मैलांची गाडी मला दहा वर्षं एका जागी थांबलेल्या गाडीपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

टायरचंही तसंच. टायर गोटा झालेला नाही, ग्रिप भरपूर आहे, म्हणजे अजून दोन-तीन ट्रिपा निघतील, असं लोक धरून चालतात. या गाड्यांचे टायर बहुतेकदा झिजून नाही, वयाने मरतात. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणारा कोड असतो. त्यातले शेवटचे चार आकडे २३१६ असतील, तर टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असू शकतो, त्यामुळे मागच्या जोडचाकांचा कोड वाचायला गाडीखाली शिरावं लागतं, आणि तेवढे कष्ट जरूर घ्यावेत. अनेक वाहनकंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. टायर कंपन्यांची शेवटची मर्यादा साधारण दहा वर्षांची असते. स्टेपनीलाही हाच हिशेब लागू.

आता सगळ्यात महागात पडणारा गैरसमज: ‘आत डाग नाही, म्हणजे गळत नाही.’

ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे झेपावलेला पलंग असतो, त्या ‘क्लास सी’ गाड्यांमध्ये पाणी शिरण्याची पहिली जागा बहुधा तीच असते. जुन्या गाड्यांच्या भिंती म्हणजे बहुतेक वेळा बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, आतून पातळ प्लाय आणि बाहेरून अॅल्युमिनियम किंवा फायबरग्लासचा पत्रा. कोपऱ्यातल्या पट्टीच्या एका ढिल्या स्क्रूतून थेंब थेंब पाणी आत जातं आणि लाकूड आतल्या आत कुजवतं. वॉलपेपरवर डाग उमटेपर्यंत सांगाड्याचा भुसा झालेला असू शकतो. म्हणून डाग शोधत बसू नये, हाताने तपासावं. पलंगाखालचे आणि कपाटांतले कोपरे अंगठ्याने दाबून बघावेत, जमीन कुठे लिबलिबीत लागते ते पायाने चाचपावं, बाहेरच्या भिंतीकडे तिरप्या उन्हात पाहून फुगवटा आहे का ते बघावं. गाडीत शिरताच कुबट वास आला, तर मालकाच्या कोणत्याही खुलाशावर विश्वास ठेवू नये. दोन सुयांचा ओलावा मोजणारा मीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. गाडी बघायला जाताना तो खिशात असावा.

याच गैरसमजाचं जुळं भावंड म्हणजे सिलिकॉन. ‘गळतंय ना, मारा एक पट्टा.’ अनेक गाड्यांच्या छतावर ईपीडीएम रबराची चादर असते आणि तिला सिलिकॉन नीट धरत नाही. काही महिन्यांत कड सुटते आणि पाणी पुन्हा वाट शोधतं. शिवाय सिलिकॉनचा पातळ थर राहिलेल्या जागी नंतर कोणतंच चांगलं सीलंट चिकटत नाही. एका दुपारच्या घाईपायी पुढच्या माणसाचं काम दुप्पट होतं. योग्य रीत कंटाळवाणी आहे: जुनं सीलंट खरवडून काढायचं, खिडकी किंवा व्हेंटची चौकट उचलून तिच्याखाली ब्युटाइल टेप घालायची, सपाट छतावर आपोआप पसरणारं लॅप सीलंट आणि उभ्या भिंतीवर न ओघळणारं वापरायचं. पेट्रोलियमयुक्त क्लीनर या रबराला लावू नये, ते फुगतं. मग वर्षातून दोनदा छतावर चढून प्रत्येक सांधा बघायचा. कुजलेल्या प्लायवर नवी चकचकीत व्हिनाइलची जमीन टाकून विकलेल्या गाड्या बाजारात आहेत, आणि अशा गाडीसाठी कुणी आपली पुंजी घालवली की फार वाईट वाटतं.

छत कोरडं झालं की मग विजेकडे वळावं. इथे स्वप्न मोठं असतं: छतावर सोलर, खाली लिथियम, आणि रानात बसून एसी. हिशेब मांडून बघू. १३,५०० बीटीयूचा छतावरचा एसी चालताना साधारण दीड हजार वॉट खेचतो. ४०० वॉटची पॅनेल सपाट छतावर, उन्हाळ्यातल्या चांगल्या उन्हात, दिवसभरात सुमारे दीड ते दोन युनिट वीज देतात. एसी ती तास-सव्वा तासात संपवतो. १०० अँपिअर-अवरच्या बारा व्होल्टच्या लिथियम बॅटरीत सुमारे १.२८ युनिट मावते, इन्व्हर्टरमधली घट धरली तर पाऊण तासाचा एसी. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, फोन, लॅपटॉप एवढं मात्र या जोडीवर सुखाने चालतं. त्यासाठी सोलर जरूर घ्यावं.

बॅटरीची अदलाबदलही दिसते तितकी साधी नाही. जुनी लेड-अॅसिड काढायची, तिच्या जागी लिथियम ठेवायची, वायरी जोडायच्या, इतकंच असतं असं वाटतं. पण लिथियमचा अंतर्गत रोध कमी असल्याने ती अल्टरनेटरमधून मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा. गाडीतला जुना कन्व्हर्टरही लिथियमला पूर्ण चार्ज करेलच असं नाही. आणि शून्य अंश सेल्सिअसच्या खाली लिथियम चार्ज केली तर ती कायमची बिघडते. मिनेसोटातल्या हिवाळ्यात हे पुस्तकी ज्ञान राहत नाही.

घराशेजारी गाडी लावण्यासाठी ३० अँपिअरचं सॉकेट बसवून घेताना एक चूक वारंवार घडते. तीन पिनांचं, ३० अँपिअरचं म्हटल्यावर घरगुती इलेक्ट्रिशियन कपडे वाळवण्याच्या यंत्राचं धरून २४० व्होल्ट देतो. मोटरहोमचं हे सॉकेट १२० व्होल्टचं असतं. प्लग लावल्याबरोबर मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर, एसी सगळं जाऊ शकतं. आधी मीटर लावून मोजावं, मगच प्लग.

गॅसच्या अलार्मचं बटण दाबलं, तो ओरडला, म्हणजे तो ठीक आहे, ही समजूत जिवावर बेतू शकते. बटण भोंगा आणि सर्किट तपासतं, आतला सेन्सर नाही. सेन्सरला वय असतं. मागे लिहिलेली मुदत उलटली असेल तर प्रोपेनचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, दोन्ही अलार्म नवे घ्यावेत. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगतच हवा. या दोन वस्तूंवर घासाघीस करू नये.

‘इंजिन मोठं आहे, कितीही सामान ओढेल’ हेही तितकंच धोक्याचं. प्रश्न इंजिनाच्या ताकदीचा नाही. अॅक्सल, टायर आणि ब्रेक किती भार पेलतात याचा आहे. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पौंडांचा, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की दीडशे किलो वाढले. त्यात घरगुती लाकडी कपाटं, फरशा आणि जादा बॅटऱ्या आल्या की दारातल्या स्टिकरवरची कमाल वजनाची मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही. नूतनीकरणाच्या आधी आणि नंतर, टाक्या भरून, माणसं बसवून, ट्रकच्या काट्यावर पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगवेगळा तोलून घ्यावा.

हे सगळं वाचून महाराष्ट्रात जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन स्वतःच घर उभारावं असं कुणाला वाटेल, तर एक गोष्ट आधी पाहावी. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, म्हणून कोणतीही व्हॅन हवी तशी बदलता येते असा अर्थ होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू आहेच, आणि कंपनीच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. आसनं काढणं, गॅस बसवणं, छत उंचावणं यांपैकी काहीही करायचं असेल तर सुताराला बोलावण्याआधी आरटीओत जाऊन विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.