आधी घाम बघा, मग विंचू

कोकणात पडवीत काळी इंगळी निघाली की घर गोळा होतं. जाड चिमटे, काळंभोर अंग, बघूनच माणूस दचकतो. तांबडा विंचू मात्र जेमतेम बोटाएवढा, तांबूस-पिवळा, चिमटे इतके बारीक की पोरं त्याला काडीनं डिवचतात. मोठा विंचू तेवढा विषारी, हा समज गावोगाव पक्का आहे आणि तो नेमका उलटा आहे. इंगळीचा दंश ठणकतो, सुजतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच थांबतो. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात जीव जातात ते या लहान तांबड्या विंचवानं. ढोबळ खूण सांगायची तर चिमटे बारीक आणि शेपटी जाड असेल, तर तो विंचू जास्त घातक. पण अंधारात चावलेला विंचू किती जणांच्या हाती लागतो? म्हणून तो ओळखत बसण्यापेक्षा माणसाकडे बघणं महत्त्वाचं.

दुसरा समज याहून घातक आहे: दुखत नाही म्हणजे विष चढलं नाही. विंचवाच्या दंशाची कळ प्रसिद्ध आहे, त्यामुळे कळ कमी असली की घरचे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात नुसतीच जबरदस्त कळ असलेला, ओरडणारा, रडणारा रुग्ण बहुधा वाचणारा असतो. भीती वाटायला हवी ती दंशाची जागा फारशी दुखत नसताना उलट्या करणाऱ्या, गप्प पडलेल्या मुलाची. कपाळावर, छातीवर घाम निथळत असतो, अंगातला सदरा पिळून काढावा इतका भिजलेला असतो आणि मनगट हातात घ्यावं तर ते थंडगार. तोंडातून लाळ गळते. पुरुषांत आणि मुलग्यांत लिंगाला ताठरपणा येतो. हे लक्षण लाजेपोटी कोणी सांगत नाही. डॉक्टरांनी विचारलं तर सांगावं आणि नाही विचारलं तरी सांगावं. विष अंगभर पसरल्याची ती ठळक खूण आहे.

हे असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. मज्जातंतूंच्या पेशींवर सोडियमची सूक्ष्म दारं असतात. संदेश गेला की ती लगेच मिटतात. तांबड्या विंचवाचं विष ती मिटू देत नाही आणि नळ उघडा राहावा तसे संदेश वाहत राहतात. त्यातून अॅड्रेनालिनसारखी रसायनं रक्तात अतोनात उतरतात. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून ते गार पडतात. रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य ताण येतो आणि काही तासांत ते थकतं. मग फुफ्फुसांत पाणी साचतं, धाप लागते, खोकल्यातून गुलाबी फेस येऊ लागतो. लहान मुलाच्या अंगात विष तेवढंच, पण वजन कमी. म्हणून दगावणाऱ्यांत मुलं जास्त.

आता भगताकडचा विंचू उतरवणं. मंत्रानं विंचू उतरलेला आपण डोळ्यांनी पाहिला, असं सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांनी पाहिलेलं खरंच असतं. बहुतेक दंश इंगळीचे असतात, किंवा तांबड्या विंचवाचे असले तरी विष थोडंच गेलेलं असतं. अशी कळ काही तासांत आपोआप ओसरते. मंत्र म्हटला, चिंचोका घासून चिकटवला, आघाड्याचं मूळ बांधलं, कांदा चोळला किंवा काहीच केलं नाही, तरी ती ओसरतेच. भगताची सगळी कीर्ती अशा मुळात न मरणाऱ्या रुग्णांवर उभी आहे. ज्याच्या अंगात विष भिनलंय, त्याचे मोलाचे दोन-तीन तास मात्र त्या अंगणात जातात. माझा राग चिंचोक्यावर नाही. चिंचोका लावा हवा तर, पण गाडीत बसून लावा. जखम चिरणं, चोखणं, वर करकचून दोरी बांधणं हे मात्र करूच नये. विष त्यानं अडत नाही, नवी इजा तेवढी होते.

‘विंचवावर औषधच नाही’ हे एके काळी जवळपास खरं होतं. १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचवानं माणूस मरतो हे तिथल्या लोकांना माहीत होतं, पण नेमका कशानं मरतो याचा उलगडा झालेला नव्हता. रुग्णाशेजारी बसून घाम, नाडी, रक्तदाब, श्वास तासातासाला टिपत त्यांनी या आजाराचा क्रम लावला. १९८२ साली त्यांची ही निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. मूळ दुखणं आवळलेल्या रक्तवाहिन्यांत आणि थकलेल्या हृदयात आहे हे कळल्यावर, रक्तदाबावर दिली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी वापरायला सुरुवात केली. गंभीर लक्षणं घेऊन येणाऱ्या शंभरातले जवळपास तीस दगावत असत, ते प्रमाण एक-दोनवर आलं. अतिदक्षता विभाग नाही, मोठी यंत्रं नाहीत, अशा ठिकाणी देता येणारी ही गोळी आहे. कोकणातल्या आरोग्य केंद्रातून निघालेलं हे ज्ञान पुढे जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत गेलं, याचा आपण पुरेसा अभिमान बाळगत नाही असं मला वाटतं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोळी आणून घरात ठेवावी, असा मात्र कोणी अर्थ काढू नये. तिनं रक्तदाब एकदम उतरू शकतो. मात्रा वजनावर ठरते, रुग्णाला आडवं ठेवून लक्ष ठेवावं लागतं.

सापाची लस विंचवालाही चालते, असंही अनेकांना वाटतं. चालत नाही. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आहे. तांबड्या विंचवाची प्रतिविष लस वेगळी आणि ती मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होते. महाडमध्येच ७० रुग्णांवर झालेली आणि २०११ साली प्रसिद्ध झालेली चाचणी बोलकी आहे: लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण सावरले, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. म्हणजे गोळीनं जीव वाचतो आणि जोडीला लस मिळाली तर माणूस लवकर उठून बसतो. आपल्या केंद्रात ही लस आहे का, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. उन्हाळा लागण्याआधी विचारावं.

कारण दंशांचा हंगाम ठरलेला आहे. एप्रिल ते जून, जेव्हा पावसाआधी घर शाकारायला कौलं हलवतात, लाकूडफाटा भरतात, जांभ्याचे चिरे उचलतात. आणि पुन्हा भातकापणीच्या सुमाराला, पेंढा रचताना. विंचू दिवसा याच फटींत दडून बसलेला असतो. पेंढ्यात, चिऱ्याखाली थेट हात घालू नये, आधी काठीनं हलवावं. चपला-बूट झटकून घालावेत, रात्री बॅटरी घ्यावी, जमिनीवर अंथरूण टाकण्याआधी ते झाडून घ्यावं. पिल्लं आईला खाऊन जन्मतात, ही गोष्टही जाता जाता सोडून द्यावी. मादी जिवंत पिल्लांना जन्म देते, पहिली कात टाकेपर्यंत पाठीवर वागवते, मग ती पांगतात. म्हणून पिल्लं पाठीवर घेतलेली मादी मरणारच आहे असं समजून तिच्याजवळ हात नेऊ नये.

दंश झाल्यावर रुग्ण ठीक दिसला तरी मूल असेल तर दवाखान्यात न्यावंच आणि काही तास तिथेच थांबावं. लक्षणं उशिरानंही उमटतात. जाताना दोन वेळा लक्षात ठेवाव्यात: विंचू कधी चावला आणि पहिली उलटी किंवा घाम कधी सुटला. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील, कारण उपचाराचा पुढचा सगळा हिशेब त्यावर बसतो.