अंगणवाडीत या मुलाचीही जागा आहे

पेण-रोह्याकडे मृग बरसला की घरातली सगळी कर्ती माणसे शेतावर जातात. चिखलणी आणि लावणी आटपेपर्यंत कुणाला मान वर करायला सवड नसते. अशा दिवसांत एखाद्या घरी एक मूल मागे राहते. पाच वर्षांचे झाले तरी ते नीट चालत नाही, बोलत नाही. म्हातारी आजी त्याची राखण करते, नाहीतर दाराला बाहेरून कडी लागते. भावंडे अंगणवाडीत जातात. याला मात्र ‘काय कळतंय?’ म्हणून कुणी नेत नाही.

शेतकरी बंधुभगिनींनो, नुकसान होते ते इथेच. मेंदूची बहुतेक वाढ पहिल्या सहा वर्षांत होते. भाताचे रोप वेळेवर लावले नाही तर पुढे कितीही खत घातले तरी फुटवे कमी येतात, हे आपण जाणतो. मुलाचेही तसेच आहे.

कसे ओळखावे?

पाच महिने झाले तरी मूल मान धरत नाही, नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, अशा वेळी ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये. हा देवाचा कोप नव्हे की आईचा दोष नव्हे. जन्मताना बाळ गुदमरणे, दिवस भरण्याआधी जन्मणे, जन्मानंतरची तीव्र कावीळ, काही आनुवंशिक दोष अशी कारणे असतात. कित्येकदा कारण सापडतही नाही. खात्रीने बरे करतो म्हणणाऱ्याच्या नादी लागून जमीन गहाण टाकू नका.

कोठे जावे?

प्रथम अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सांगा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासते आणि गरज पडल्यास मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची खास कार्यपद्धती जाहीर केली. लवकर ओळखणे, इतर मुलांत सामावून घेणे आणि योग्य ठिकाणी पाठवणे, या तिच्या तीन पायऱ्या. २०१६ च्या कायद्यानुसार चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला वेळीच काढून ठेवावा.

घरी काय करावे?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे शंखशिंपले, बिया, पाने आणि माती घेऊन आदिवासी मुलांना शिकवले. आपल्याकडेही ते सारे फुकट आहे. पेणला तर गणपतीच्या कारखान्यांमुळे मातीची ओळख घरोघरी आहे. मातीचा गोळा मळल्याने बोटांत बळ येते. वालाच्या शेंगा सोलायला सोबत बसवावे, मात्र दाणा नाकातोंडात जाणार नाही इकडे लक्ष ठेवावे. भाकरी थापताना, गुरांना पाणी दाखवताना जे करता ते बोलून सांगावे. एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि रोज तीच पुन्हा करून घ्यावी. मान धरू न शकणाऱ्या मुलाला आडवे ठेवून भरवू नये. मांडीवर टेकवून, डोके थोडे पुढे ठेवून लहान घास द्यावेत.

गावाने काय करावे?

एकट्या आईवर हा भार टाकू नये. एकमेकांच्या लावणीला आपण जातो, तशी मुलाला अंगणवाडीत नेण्या-आणण्याची पाळी शेजारणींनी वाटून घ्यावी. सेविकेने त्याला कोपऱ्यात न बसवता एका चुणचुणीत मुलाची जोडी द्यावी. इतर पालकांनीही तक्रार करू नये. दिव्यांगत्व संसर्गाने पसरत नाही. उलट दुसऱ्याला सांभाळून घेणे मुले लहानपणीच शिकतात.

दिवाळीनंतर वाड्यांवरची कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात. जाताना मुलाची कागदपत्रे बरोबर ठेवावीत व तिथल्या अंगणवाडीत नाव घालावे. हंगाम बुडाला तर पुढल्या वर्षी पुन्हा येतो, मुलाचे हे वय मात्र परत येत नाही. आपल्या घरी किंवा शेजारी असे मूल असेल, तर याच आठवड्यात त्याला अंगणवाडीत घेऊन जावे.