वाघाच्या आधी गवत

भिवापूरचं नाव बाहेर पोचवलं मिरचीनं, इथल्या जंगलाचं मात्र एका वाघानं. नागपूरचे उमरेड, कुही, भिवापूर आणि भंडाऱ्याचा पवनी या तालुक्यांत मिळून २०१२ साली उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य झालं. पुढच्याच वर्षी नागझिऱ्याहून ‘जय’ चालत आला. एप्रिल २०१६ मध्ये त्याच्या रेडिओ कॉलरचा सिग्नल थांबला आणि जय गेला कुठे यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. तो ज्या चितळांवर पोसला, ती कशावर पोसली याची चौकशी तेव्हाही झाली नाही.

दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत मात्र ती होते. वनरक्षक आपल्या बीटमध्ये दोन किलोमीटरची ठरलेली सरळ रेषा सकाळी पायी चालतो. चितळ, रोही, रानडुक्कर जे दिसेल त्याची संख्या, अंतर आणि दिशा टिपतो. मग दर ४०० मीटरला थांबून झाडं, झुडपं, जमिनीवरचं गवत नोंदवायचं आणि दोन बाय वीस मीटरच्या पट्ट्यातल्या लेंड्या मोजायच्या. या कामाचे फोटो कुणी मिरवत नाही, पण वाघांचा अंदाज बांधताना हे आकडे लागतात.

कुरण आपोआप टिकत नाही. अमेरिकेतल्या प्रेअरीत ठरवून आग लावून झुडपं आवरतात. आपल्याकडे वणव्याची धास्ती, त्यामुळे आग राहते जाळरेषेपुरती. बाकी भिस्त मजुरांच्या हातांवर. मारवेल, पवन्या ही चाऱ्याची गवतं. त्यांच्यात तरोटा, रानतुळस घुसली की चितळाच्या तोंडी लागण्यासारखं फार उरत नाही. हे तण बी धरण्याआधी, पावसाळ्यातच उपटावं लागतं, तेही सलग काही वर्षं. एक हंगाम चुकला की मातीत पडलेलं बी पुन्हा उगवतं. पाहुण्यांसाठी जिप्सीचे रस्ते वाढवण्याआधी या मजुरीचे पैसे वेळेवर यावेत, असं मला वाटतं.

आत चारा कमी पडला की रोही आणि डुक्कर शेतात यायला आणखी एक कारण मिळतं. रात्रभर जागून कंटाळलेला एखादा शेतकरी कुंपणात चोरून वीज सोडतो. जयचा बछडा ‘श्रीनिवास’ २०१७ मध्ये नागभीडकडे अशाच तारेला लागून मेला. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो. जनावर मागे हटतं, मरत नाही. त्यासाठी सरकारी अनुदानही आहे.