कठड्याचा पाय

दिवाळी अंकासाठी मिनेसोटातल्या तळ्यांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं होतं. दहा एकरांहून मोठी तळीच या राज्यात ११,८४२ आहेत, त्यामुळे विषयाला तोटा नव्हता. पण ऑक्टोबरात रिचमंड गावाकडे गेले आणि बोटी दुरुस्त करणाऱ्या एका शेडमध्ये दिवस मावळेपर्यंत थांबले. तळ्यांवरचा लेख राहून गेला.

रिचमंड निवडलं ते पाँटून बोटीसाठी. १९५२ साली इथल्या अँब्रोज वीअर्स या शेतकऱ्याने पोलादी पिंपं एकापुढे एक जोडून त्यांच्या दोन रांगा केल्या आणि वर लाकडी फलाट ठोकला. घरची ओसरी उचलून पाण्यावर ठेवावी, तशी ती बोट. म्हातारी माणसं खुर्ची टाकून बसू शकतील, पोरं धावू शकतील. पुढे पिंपांच्या जागी ॲल्युमिनियमचे लांब नळे आले, कारखाने निघाले आणि बोट अमेरिकाभर पसरली. इतिहास एवढा पुरे, कारण मला धरून ठेवलं ते कठड्याने.

शेडमध्ये वीस फूट लांब, आठ फूट रुंद अशी एक जुनी बोट उभी होती. उन्हाळ्यात कुणी पाहुणा कठड्याला टेकला आणि एक खांब बुडापासून उखडला. पाणी कमरेएवढंच होतं म्हणून निभावलं. मालकाचा निरोप होता की कठडा नवा करा, माल तुम्ही निवडा. दुरुस्ती करणारे गृहस्थ सत्तरीचे. मी त्यांना मनात मिस्त्रीच म्हणू लागले होते. त्यांनी तो उखडलेला खांब माझ्या हातात दिला. वरून चकचकीत होता. उलटा केला तर तळपट्टीवर ओल्या मिठासारखी पांढरी भुकटी, आणि स्क्रूचं गोल भोक झिजून लांबट झालेलं. “बोट घालून बघा,” ते म्हणाले. माझी करंगळी आरपार गेली.

मी विचारलं, मग कठडा कशाचा करायचा? लाकूड त्यांनी लगेच बाद केलं, कारण दर दोन-तीन वर्षांनी रंगरोगण कोण करणार? प्लॅस्टिकचा पाइप उन्हाने ठिसूळ होतो आणि टेकलं की वाकतो. जीआय पाइप स्वस्त आणि ताठ, पण त्याच्याबद्दल बोलताना त्यांनी सुताराची पेन्सिल घेऊन फळीवर हिशेब मांडला. सवा इंची चौकोनी नळी, जाडी तीन मिलिमीटर. आडव्या पट्ट्या आणि खांब मिळून सेहेचाळीस मीटर. ॲल्युमिनियमची घेतली तर सुमारे ४३ किलो, पोलादाची घेतली तर सुमारे १२५ किलो. म्हणजे एक धडधाकट माणूस कायमचा कठड्याच्या उंचीवर बसवल्यासारखं, आणि वरचं वजन वाढलं की बोट जास्त डुलते. स्टेनलेस स्टीलचं वजनही तेवढंच, शिवाय किंमत अंगावर येते. राहिलं ॲल्युमिनियम.

मला वाटलं, निर्णय झाला. त्यांच्या लेखी तो तिथे सुरू होत होता.

त्यांनी खांबाचा पाय दाखवला. माणूस सत्तर सेंटिमीटर उंचीवर तीस किलोचा रेटा देतो. तळपट्टीच्या कडेपासून बोल्ट पाच सेंटिमीटरवर. म्हणजे चौदा पट तरफ, आणि बोल्टांवर चारशे वीस किलोची ओढ. ती ओढ सहन करायची कुणी? खालच्या प्लायवूडने. प्लायवूड कुजकं असेल तर वर कुठलाही धातू लावा, तो सुटणारच. म्हणून ते स्क्रू मारत नाहीत. आरपार बोल्ट, आणि फळीखाली तळहाताएवढी, जाड पट्टी, म्हणजे ओढ मोठ्या क्षेत्रावर वाटली जाते.

दुसरी गोष्ट शेजाराची. २००३ अखेरपर्यंत अमेरिकेत घरगुती कामाच्या लाकडात वाळवी-बुरशीविरुद्ध तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण मुरवत. नंतर आर्सेनिक गेलं आणि त्याच्या जागी तांब्याचं प्रमाण वाढलेली मिश्रणं आली. असं लाकूड ओलं झालं की तांबं पाण्यात उतरतं आणि टेकलेल्या ॲल्युमिनियमला खाऊ लागतं. आजी तांब्याच्या भांड्यात ताक ठेवू देत नसे, ते मला आठवलं. कारण निराळं, पण कशाला कशाजवळ ठेवू नये हे जाणणारं शहाणपण तेच. मिस्त्री फळी आणि तळपट्टीच्या मधे प्लॅस्टिकची चकती घालतात, स्टेनलेस बोल्टाला नायलॉनचे वॉशर लावतात. आपल्या खाडीच्या खाऱ्या पाण्यात तर ही झीज कितीतरी झपाट्याने होते.

अडचणी इथून पुढे वाढत गेल्या. जुन्या मापाची नळी आता मिळत नाही, म्हणून एक खांब बदलायचा तर पूर्ण बाजू बदलावी लागते. चौकोनी नळी वाकवली की आतली भिंत चेपते, म्हणून कोपरे तिरके कापून जोडायचे. जोडायचं म्हणजे वेल्डिंग. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावरची ऑक्साइडची साय दोन हजारांच्या पुढे. साय फुटेपर्यंत पातळ नळीला भोक पडलेलं असतं. ॲनोडाइझ केलेली नळी असेल तर हा थर आणखी जाड, तो आधी घासून काढायचा. एवढं करून सांधा उत्तम जमला, तरी त्याच्या लगतचा धातू उष्णतेने मऊ पडतो. म्हणून खांबाच्या बुडाशी, जिथे ताण सर्वाधिक, तिथे ते नळीच्या आत भरीव गज बसवतात आणि सांधा वर सरकवतात. माझ्यासमोर त्यांनी एक गज चार वेळा कानशीने घासून बसवून पाहिला. पाचव्यांदा तो टक् आवाज करून बसला. हे काम बाहेरून कुणाला दिसणार नाही, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटलं.

मग त्यांनी तोंडाला मास्क बांधला आणि जुनी फळी उचलली. आर्सेनिकच्या लाकडाचा भुसा श्वासात जाऊ नये म्हणून. ती फळी जाळायचीही नाही, राखेत विष उरतं. खाली सांगाड्याच्या आडव्या पट्ट्यांपैकी तीन पट्ट्यांवर तीच पांढरी भुकटी होती. कठड्याचं काम फलाटाचं झालं, फलाटाचं काम सांगाड्याचं. मालकाला फोन करावा लागणार होता आणि खर्च दुपटीवर जाणार होता. बोट भंगारात काढायची की ठेवायची, हे मालक ठरवील. मला विचाराल तर ठेवावी, पण फळीसकट करायचं असेल तरच. निव्वळ कठडा नवा करून ती पाण्यात सोडणं म्हणजे लोकांना फसवणं.

सुट्टीत तारकर्लीला किंवा कोयनेच्या जलाशयावर बोटीत चढाल, तेव्हा कठडा एकदा हलवून पाहा. खांबाच्या बुडाशी पांढरी भुकटी किंवा गंज दिसला, टेकल्यावर तळपट्टीखाली फट पडली, तर पोरांना त्या बाजूला बसवू नका, आणि उतरण्याआधी बोटवाल्याला ती जागा दाखवा.